जळगाव-मुंबई: ४३ मिनिटांचा सव्वा तास कसा होतो?

आमचे मामा भुसावळचे, सगळी नोकरी रेल्वेत, त्यामुळे अंतर म्हटलं की रुळावरचंच. जळगावहून पहिल्यांदा विमानाने मुंबईला निघाले न् तिकीट बघून मलाच झापलं. "काय रे भो, ताशी पाचशेने उडतं म्हणतोस न् वेळ सव्वा तास? चारशे वीस किलोमीटरला? भागाकार कर जरा."

आता पहिली गोष्ट, ४२० हे रुळाचं अंतर. गाडी चाळीसगाव, मनमाड, नाशिक करत कसाऱ्याचा घाट उतरून जाते, विमानाला चाळीसगावशी काय घेणंदेणं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले (जळगाव २०.९६ आणि ७५.६३, मुंबई १९.०९ आणि ७२.८७) तर सरळ अंतर ३५५ किमीच्या आसपास निघतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किमी, रेखांशाचा आपल्याकडे साधारण १०४च, कारण त्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात, बाकी शाळेतला पायथागोरस. म्हणजे मामांच्या हिशेबाने ४३ मिनिटं. उरलेला अर्धा तास?

एक तर तिकिटावरची वेळ उडाल्यापासूनची नसतेच. विमान जागेवरून हललं तिथून ते मुंबईत जागेवर उभं राहिलं तिथपर्यंतची असते, त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, मुंबईत उतरल्यावर तर ते लांबतंच. दुसरं, पाचशेचा वेग सगळ्या रस्त्याला मिळत नाही. छोट्या विमानतळांवर येणारी एटीआर ७२ ही पंख्याची विमानं, सतरा हजार फुटांवर चढायलाच पंधराएक मिनिटं लागतात न् चढताना वेग साडेतीनशे-पावणेचारशे. उतरायचं तर ढोबळ नियम असा की हजार फुटाला तीन सागरी मैल आधी सुरुवात करायची, एक सागरी मैल १.८५२ किमी, म्हणजे सतरा हजार फुटांसाठी ९०-९५ किमी आधीच. इगतपुरीच्या आसपास असतानाच विमान खाली यायला लागलेलं असतं बघा! म्हणजे पूर्ण वेगाने पळायला मिळतो तो मधला तुकडाच.

आणि मग मुंबई. तिथे धावपट्ट्या दोन आहेत पण एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. शिवाय मोठं जड विमान पुढे असेल तर त्याच्या पंखांमागे हवेचे भोवरे राहतात, म्हणून आपल्या एटीआरला त्याच्यापासून नऊएक किमी मागे राहावं लागतं. गर्दी झाली की आकाशातच घिरट्या. ही घिरटी पण मोजून मापून असते, एक मिनिट सरळ, एका मिनिटात अर्धं वळण, परत एक मिनिट सरळ, परत वळण, झाली चार मिनिटं. हा उशीर कंपन्यांना माहीत असतो, म्हणून वेळापत्रकात थोडी ढील आधीच धरलेली असते. (माझ्या मते ही थोडी चलाखीच आहे, लवकर पोचलं की आपणच खूश.)

वाऱ्याचाही हात असतो. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे मुंबईहून परत येताना तो पाठीशी, दोन-चार मिनिटं वाचतात. मुंबई-कोलकात्याला हाच फरक चांगला जाणवतो.

हे सगळं मामांना स्टेशन रोडवर चहा पिताना सांगितलं, फार पटलं नाही. मुंबईत उतरल्या उतरल्या फोन आला, "तीच खाडी तीनदा दिसली रे."

म्हटलं मामा, तीन चोक बारा मिनिटं.