सागरतळाच्या गाळातले खारे पाणी : पार्श्वभूमी

शिरोळकडची क्षारपड रानं पाहिलेल्यांना मीठ वर कसं येतं, हे सांगायला नको. उन्हाने पाणी उडतं, खालचं पाणी वर चढतं आणि क्षार माथ्यावर फुटतात. सागरतळाच्या गाळात हे घडत नाही. तिथे क्षार सरकतात ते मुख्यतः विसरणाने, दाट बाजूकडून विरळ बाजूकडे. पहिल्या वर्षात जेमतेम १० सेंटीमीटर, आणि पुढे दहापट अंतराला शंभरपट काळ.

१८९५ साली सागरतळावरच्या निळ्या चिखलातलं पाणी तपासलं तेव्हा त्यातलं सल्फेट घटलेलं दिसलं. माहितीत खरी भर पडली ती १९६८ पासून, खोल समुद्रात पद्धतशीर वेधन, म्हणजे तळाला भोक पाडून गाळ वर काढणं, सुरू झाल्यावर.

गाळाचा तुकडा पोलादी नळकांड्यात घालून हायड्रॉलिक प्रेसने दाबायचा आणि ठिबकणारं पाणी सिरिंजमध्ये धरायचं, अशी पद्धत रुळली. वाद झाला तो तापमानावरून. खोल तळाशी गाळ २ ते ४ अंश सेल्सिअसला असतो, पण पिळला जायचा खोलीच्या तापमानाला. १९६९-७० मध्ये दाखवून दिलं गेलं की, एवढ्या उबेनेही पाण्यातलं पोटॅशियम वाढतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम घटतं. चिकणमातीच्या कणांवरचे आयन (विद्युतभार असलेले क्षारांचे कण) आणि पाण्यातले आयन यांची देवघेव उबेने बदलते. आपल्याकडे चोपण जमिनीत जिप्सम टाकून सोडियम हटवतात, तीही अशीच देवघेव. गाळातल्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, असं सांगणाऱ्या आधीच्या आकड्यांचा पाया यामुळे हलला. गाळ थंड ठेवून पिळणं जिकिरीचं, हे मान्य. तरी ती जिकीर टाळणं फार महागात पडलं. त्या काळातला पोटॅशियमचा आकडा वापरण्याआधी गाळ किती अंशांवर पिळला होता, हे पाहायलाच हवं.

क्लोराइडला ही देवघेव फारशी शिवत नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्रपातळी १२० मीटर खाली होती आणि समुद्र सुमारे ३ टक्के जास्त खारा होता. तो खारेपणा तळाखाली २० ते ५० मीटरांच्या पट्ट्यात आजही ओळखू येतो.

नृसिंहवाडीला पंचगंगेला सोबत घेणारी कृष्णा पुढे बंगालच्या उपसागराला मिळते. तिथल्या कृष्णा-गोदावरी द्रोणीत २००६ मध्ये वेधन झालं. गाळात गोठलेलं मिथेन हायड्रेट, म्हणजे मिथेन वायू आणि पाणी यांचा बर्फासारखा घन पदार्थ, गाळाचा गाभा (वेधनातून निघणारा लांब तुकडा) वर काढताना वितळतं, त्याचं गोडं पाणी मिसळतं आणि क्लोराइड उतरतं. या घटीवरूनच हायड्रेटचा अंदाज बांधतात. मात्र हायड्रेट नुकतं तयार झालं असेल, तर त्याने बाहेर टाकलेलं मीठ अजून आसपासच असतं. तेव्हा मूळ पाणी समुद्राइतकंच खारट धरलं, तर हायड्रेट प्रत्यक्षाहून कमी भरतं.