टी-८० दुर्गाडीच्या पायथ्याशी का?

"मामा, एवढीशीच?" भाच्याचा पहिला प्रश्न. ठाण्याहून लोकल, कल्याणहून रिक्षा, आणि युद्धनौका म्हणून दाखवली ती दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी ठेवलेली टी-८०, जेमतेम पंचवीस मीटरची बोट. कुणाचाही हिरमोड व्हावा. मुंबईकर-ठाणेकरांच्या डोक्यात नौदलाचं संग्रहालय म्हणजे विक्रांत. १९७१ ला बंगालच्या उपसागरात लढलेली ती विमानवाहू नौका १९९७ ला निवृत्त झाली, पुढे काही वर्षं संग्रहालय म्हणून गोदीत उभी राहिली. २०१२ ला सुरक्षेच्या कारणावरून ती लोकांसाठी बंद झाली आणि २०१४ पासून मोडीत निघाली. एवढं मोठं जहाज पाण्यात ठेवून सांभाळायचं म्हणजे पांढरा हत्ती पोसणंच. एक छोटी बोट खाडीकाठी ठेवणं त्या मानाने शहाणपणाचं.

पण टी-८० इथे शोभते ती वेगळ्या कारणाने. आपण एरवी युद्धनौका पाण्यात पाहतो, म्हणजे अर्धीच पाहतो. जमिनीवर घेतलेल्या बोटीचं पोट दिसतं, आणि हिचं पोट पाहण्यासारखं आहे: पाण्यात फार खोल बुडणारच नाही अशी बांधणी. इस्रायली सुपर ड्वोरा जातीची ही बोट गोवा शिपयार्डने बांधली. २४ जून १९९८ ला नौदलात आली, २३ सप्टेंबर २०२१ ला निवृत्त झाली. काम ठरलेलं होतं. मुंबई बंदराबाहेरच्या उथळ पाण्यात गस्त घालायची आणि संशयित होडी दिसली की मोठ्या जहाजाला जाता येत नाही तिथे तिच्या मागे लागायचं. २० मिलिमीटरची तोफ आणि ताशी ४० सागरी मैलांपुढचा वेग, एवढंच भांडवल.

उथळ पाण्याचं हे गणित या खाडीला नवं नाही.

२४ ऑक्टोबर १६५७ ला कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून शिवरायांकडे आली. दुर्गाडी त्यानंतरचा. पाया खणताना धन सापडलं म्हणून देवीचं नाव दिलं, ही आख्यायिका कल्याणात कुणीही सांगेल. धनाचं सोडा, खाडीचं पाहू. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रांत तक्रार आहे की शहाजीचा मुलगा कल्याण, भिवंडी आणि पनवेलला लढाऊ गलबतं बांधतोय. बांधणारा कोण, तर पोर्तुगीजांचाच माणूस, रुई लैतांव व्हिएगस. वसईच्या कॅप्टनने त्याला निरोप धाडून फोडलं आणि तो साथीदारांसह निघून गेला. काम मात्र थांबलं नाही.

पोर्तुगीजांना एवढी धास्ती का, हे नकाशावर बोट फिरवलं की कळतं. उल्हासची खाडी कल्याणहून खाली येते आणि ठाण्याच्या वर तिला दोन फाटे फुटतात. एक घोडबंदरवरून वसईला समुद्राला मिळतो, दुसरा ठाण्याच्या कुशीतून मुंबई बंदरात उतरतो. घोडबंदर, वसई, ठाणं, सगळं पोर्तुगीजांचं. म्हणजे कल्याणला आरमार बांधलं तरी ते बाहेर काढायचं त्यांच्याच नाकासमोरून. हत्यार हवं होतं ते वल्ह्यांवर चालणारं, सुकतीत, म्हणजे ओहोटीतही, निभावणारं, वारा पडला तरी न अडणारं. गलबत नेमकं तसं. समुद्रात वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी खोळंबतं. गलबत मात्र वल्ही मारत जवळ येतं, त्याच्या तोफांचा मारा चुकवून मागून भिडतं.

ठाण्याचा किल्ला त्यामानाने उशिराचा. मराठ्यांच्या भीतीने पोर्तुगीजांनी १७३० मध्ये तो बांधायला घेतला. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३७ च्या मार्चमध्ये घेतला तेव्हाही तो पुरता झाला नव्हता. साष्टी बेट पोर्तुगीजांच्या हातून गेलं, आणि दोन वर्षांनी वसईही. डिसेंबर १७७४ मध्ये ठाणं इंग्रजांनी जिंकलं, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिलं. लढाईचं काम संपलं, किल्ल्याचा तुरुंग झाला. १८१६ च्या सप्टेंबरात पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथूनच निसटले आणि १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी झाली. आजही तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. ठाणेकराने आपलाच किल्ला आतून पाहायचा म्हटलं तर आधी गुन्हा करावा लागतो, ही ठाण्यातली जुनी थट्टा.

म्हणून ठाणेकराला लष्करी इतिहास बघायला कल्याण गाठावं लागतं. भाच्याला गलबताचं सगळं सांगून झालं तेव्हा सुकती लागली होती. काठचा चिखल उघडा पडला होता आणि एक होडी त्याच्या कडेने, हातभर पाण्यातून, आरामात चालली होती. "टी-८० इथून गेली असती?" त्याने विचारलं. तिला मीटरभर तरी पाणी लागेल, मी म्हटलं. त्याने होडीकडे पाहिलं आणि मग पुन्हा बोटीच्या पोटाकडे, या वेळी वाकून.