पार्श्वभूमी : अर्धवट पुसलेली पाटी

डीसी कॉमिक्स या अमेरिकी प्रकाशनाच्या सुपरहिरोंच्या कथा अनेक समांतर पृथ्व्यांवर घडत. इतक्या पृथ्व्या नव्या वाचकाला झेपत नाहीत, हे त्या मिटवण्याच्या १९८५ च्या निर्णयामागचं कारण. 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या बारा अंकांच्या मालिकेत समांतर विश्वं एकामागून एक नष्ट झाली. सातव्या अंकात सुपरगर्ल गेली, आठव्यात फ्लॅश, आणि शेवटी एकच विश्व उरलं.

त्याआधीची सोय मात्र वाईट नव्हती. १९५६ चा नवा फ्लॅश त्याच्या पहिल्याच कथेत प्रयोगशाळेत बसून जुन्या फ्लॅशचा अंक वाचत असतो. म्हणजे १९४० चा नायक त्याच्या जगात फक्त चित्रकथेतला. १९६१ मध्ये दोघे समोरासमोर आले आणि जुन्या मंडळींची पृथ्वीच वेगळी असल्याचं कळलं. पुढे तिला 'अर्थ-टू' हे नाव पडलं. आधीची असून ती दुसरी का, एवढा एक प्रश्न सोडला, तर या युक्तीने कुठलीच जुनी कथा खोटी पाडली नाही.

१९८५ नंतर पाटी पुसली, पण सगळी एकदम नाही. सुपरमॅन १९८६ मध्ये पहिल्यापासून सुरू झाला, वंडर वुमन १९८७ मध्ये. बॅटमनची फक्त सुरुवात चार अंकांत नव्याने सांगितली गेली. ग्रीन लँटर्न आणि टायटन्स हा तरुण नायकांचा संघ होते तसेच पुढे चालू राहिले. इथूनच 'रीबूट' आणि 'रिटकॉन' या शब्दांची सरमिसळ झाली, ती आजही निस्तरलेली नाही. रीबूट म्हणजे आधीचं काही घडलंच नाही. रिटकॉन म्हणजे घडलं, पण तुम्हाला सांगितलं होतं तसं नाही. वाचकाला यातलं कुठलंही एक चालतं. एकाच पात्राला दोन्ही लावलं की तो हरवतो.

हॉकमनचं नेमकं तेच झालं. १९४० चा हॉकमन म्हणजे कार्टर हॉल, प्राचीन इजिप्तच्या राजपुत्राचा पुनर्जन्म. १९६१ चा म्हणजे कटार होल, थॅनगार ग्रहावरचा पोलीस. पृथ्व्या दोन होत्या तोवर दोघे सुखाने नांदले. क्रायसिसनंतरही तीनेक वर्षं कटार पूर्वीसारखाच वावरत होता, जस्टिस लीग या नायकांच्या संघाच्या अंकांतही दिसत होता. मग १९८९ मध्ये 'हॉकवर्ल्ड'ने त्याचं तरुणपण नव्याने मांडलं. तीन अंकांची ही मालिका गतकाळातली म्हणून वाचली असती तर काहीच बिघडलं नसतं. पण १९९० च्या मासिक मालिकेत कटार पृथ्वीवर पहिल्यांदा आला तो थेट वर्तमानात. मग इतकी वर्षं लीगमध्ये होता तो कोण? उत्तरादाखल ठिगळं लावली गेली: सुरुवातीच्या लीगमधला कार्टर हॉल होता, आणि अलीकडे दिसलेला थॅनगारचा हेर. १९९४ मध्ये 'झिरो अवर' या मालिकेने हे सगळे हॉक एकाच देहात कोंबले. १९९६ मध्ये हॉकमनची मालिका बंद पडली. २००१ मध्ये तो परतेपर्यंत एक उत्तम पात्र वाया गेलं, याचं वाईट वाटतं.

२०११ मध्ये तीच चूक मोठ्या प्रमाणावर झाली. बावन्न मालिका एक क्रमांकापासून सुरू केल्या आणि नायकांचा सगळा इतिहास साधारण पाच वर्षांत बसवला. पण बॅटमन आणि ग्रीन लँटर्नच्या चालू कथांना जवळपास हात लावला नाही. पाच वर्षांत बॅटमनचे तीन-चार साथीदार कधी तयार झाले, हा प्रश्न पहिल्यांदाच अंक हातात घेणाऱ्यालाही पडत होता. सुपरमॅनचं लग्न पुसलं गेलं, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत तो जुना, संसारी सुपरमॅन परत आणावा लागला.

इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत वेताळ वाचलेल्यांना ही अडचण कधी आली नाही. तो एकविसावा वेताळ आहे, मुखवटा बापाकडून मुलाकडे येतो, एवढं ठाऊक असलं की कुठलाही अंक उचलावा आणि वाचायला लागावं.

हॉकमनला असा धागा मिळायला २०१८ उजाडलं. त्या वर्षीच्या मालिकेत कार्टर हॉलला उमगतं की त्याचे जन्म केवळ काळात नव्हे, अवकाशातही विखुरलेले आहेत. इजिप्तचा राजपुत्र तो होताच, कटार होलही तोच होता. १९६१ च्या एकाही अंकावर काट मारावी लागली नाही.