एक प्रत उंदराला पुरते, माणसाला नाही

जठराच्या मागे आडवं पसरलेलं स्वादुपिंड मुख्यतः पाचकरस बनवतं. इन्सुलिन तयार करणारे पेशीपुंज त्यात जेमतेम एक-दोन टक्के. गर्भात मात्र दोन्हींचं मूळ एकच असतं. चौथ्या आठवड्याच्या सुमारास आद्य आतड्यावर दोन अंकुर फुटतात आणि वाढता वाढता एकमेकांत मिसळून जातात.

हे अंकुर कोण वाढवतं? १९९४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी उंदरातलं एक जनुक निकामी केलं. पिल्लं जन्मली, पण त्यांच्या पोटात स्वादुपिंडच नव्हतं. या जनुकाला आज पीडीएक्स१ म्हणतात. १९९७ मध्ये याच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेलं, स्वादुपिंडाविना जन्मलेलं एक बाळही नोंदवलं गेलं. जे उंदरात तेच माणसात, असं मानायला भक्कम आधार मिळाला.

२०१२ मध्ये त्याला तडा गेला. स्वादुपिंडाविना जन्मलेल्या २७ जणांची जनुकं तपासली, तर १५ जणांच्या गाटा६ या जनुकात दोष सापडला, आणि तोही एकाच प्रतीत. आई-वडिलांकडून जनुकाची एकेक प्रत मिळते. यांची दुसरी प्रत धडधाकट होती, तरी स्वादुपिंड घडलं नाही. उंदराचं मात्र गाटा६ची एक प्रत गेली तरी काही अडत नाही. गाटा६ आणि त्याचं भावंड गाटा४, दोन्ही पूर्ण काढली तरच त्याचं स्वादुपिंड जवळजवळ नाहीसं होतं.

मूलपेशींचं, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या पेशींचं, खरं मोल मला इथे दिसतं. घडत्या मानवी गर्भात जनुकं मोडून पाहता येत नाहीत, पाहूही नयेत. पण मानवी मूलपेशींना प्रयोगशाळेत ठरावीक क्रमाने ठरावीक रसायनं दिली, तर त्या गर्भातल्याच वाटेने जातात: आधी आतड्याच्या अस्तराची पूर्वज पेशी, मग पीडीएक्स१ जागं झालेली पेशी, पुढे न्यूरोजेनिन३ या जनुकाच्या हुकमाने संप्रेरकांकडे वळलेली आणि शेवटी इन्सुलिन बनवणारी बीटा पेशी. २०१७ मध्ये अशा मूलपेशींत जनुक नेमकं कापणाऱ्या क्रिस्पर तंत्राने गाटा६ची एकच प्रत मोडली, तेव्हा बीटासारख्या पेशी कमी तयार झाल्या. दोन्ही प्रती मोडल्यावर तर पहिली पायरीसुद्धा नीट गाठता आली नाही. उंदराने जे कधीच दाखवलं नसतं, ते माणसाच्या पेशींनी दाखवलं.

याच पायऱ्या चढवून तयार केलेल्या पेशी आता रुग्णांपर्यंत पोहोचल्या आहेत. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच बीटा पेशी मारते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा १२ रुग्णांच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून मूलपेशींपासून घडवलेले पेशीपुंज सोडले होते. वर्षभरानंतर त्यांतल्या १० जणांना इन्सुलिनचं इंजेक्शन लागत नव्हतं. मात्र या परक्या पेशी टिकाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवावी लागतात, आणि त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून रक्तातली साखर एकाएकी जीवघेणी खाली जाणाऱ्या रुग्णांनाच या चाचणीत घेतलं होतं.