सुपारीबाज डेथस्ट्रोक आणि ९० टक्के मेंदूची भानगड

डीसी कॉमिक्समधला डेथस्ट्रोक, म्हणजे स्लेड विल्सन, हा माझा फार आवडता व्हिलन आहे, कारण त्याला जगावर राज्य वगैरे करायचं नसतं, पैसे घ्यायचे, काम उरकायचं, विषय संपला. आपल्या भाषेत सुपारी घेणारा माणूस. १९८० साली मार्व वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी न्यू टीन टायटन्स या तरुण सुपरहिरोंच्या टीमवरच्या कॉमिकच्या दुसऱ्या अंकात त्याला आणला, आणि त्याची एंट्री म्हणजे अर्धी मारामारी, अर्धं घरचं दुखणं. हाइव्ह नावाच्या टोळीला टायटन्सचा काटा काढायचा असतो, स्लेड नाही म्हणतो, मग त्याचाच मुलगा ग्रँट ती सुपारी घेतो, हाइव्हवाले त्याला बापासारखी पॉवर देतात, तो रॅव्हेजर बनून टायटन्सवर तुटून पडतो आणि ती पॉवरच त्याला आतून खाऊन टाकते. पोरगा जातो, आणि बाप काय करतो, तर पोराची अर्धवट राहिलेली सुपारी स्वतःच्या अंगावर घेतो.

आता ही पॉवर कसली? तर आर्मीच्या एका प्रयोगानंतर स्लेड म्हणे मेंदूचा ९० टक्के भाग वापरतो, आणि आपण साधी माणसं फक्त १० टक्के. इथे माझं डोकं सटकतं (किती टक्के ते विचारू नका).

हा १० टक्क्यांचा आकडा आला कुठून? हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स म्हणायचे की माणूस आपल्या अंगात असलेल्या क्षमतेचा थोडाच भाग वापरतो. १९३६ साली एका तुफान खपलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांच्या नावावर '१० टक्के' हा आकडा चिकटवला गेला, तोही क्षमतेबद्दल, मेंदूच्या मांसाबद्दल नाही, पण लोकांनी तो मांसालाच लावला. प्रत्यक्षात स्कॅन काढला तर न वापरलेला ९० टक्के मोकळा प्लॉट कुठेच सापडत नाही, अगदी गाढ झोपेतसुद्धा. बारीकसा स्ट्रोक येऊन वाटाण्याएवढा भाग गेला तरी कुणाचा हात लुळा पडतो, कुणाला नेहमीचे शब्द आठवत नाहीत. ९० टक्के माल गोडाऊनमध्ये पडून असता तर एवढ्याशा नुकसानीने काय बिघडलं असतं?

पण खरी गंमत पुढे आहे. मेंदूत सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या पेशी, आहेत आणि प्रत्येक सिग्नलला ऊर्जा लागते. २००३ साली पीटर लेनी या शास्त्रज्ञांनी या खर्चाचा ताळेबंद मांडला, तर निघालं असं की कॉर्टेक्समधले, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातले, जेमतेम १ टक्का न्यूरॉन एकाच क्षणी जोरात काम करू शकतात, त्यापेक्षा जास्त परवडतच नाहीत. म्हणजे १० टक्के हा आकडा चुकलाय तो उलट्याच बाजूला! फक्त तो १ टक्का सतत बदलत असतो, आत्ता हे, पुढच्या क्षणी ते, त्यामुळे सगळा मेंदू वापरात राहतो. आणि ढीगभर न्यूरॉन एकदम एका तालात पेटले तर त्याला सुपरपॉवर नाही म्हणत, फिट येणं म्हणतात.

ग्रँटच्या बाबतीत मात्र कॉमिकवाल्यांना अर्धे मार्क द्यायला हवेत, कारण पॉवरची किंमत मोजावी लागते हे त्यांनी दाखवलं. आपण जरा हिशोब करून बघू. मेंदूचं वजन साधारण १.४ किलो, शरीराच्या २ टक्के, पण आरामात बसलेलं असताना शरीराच्या एकूण ऊर्जेतला २० टक्के वाटा एकटा खातो, म्हणजे सुमारे २० वॅट, घरातल्या एलईडी ट्यूबलाइटएवढा. १० चे ९० टक्के केले तर ९ पट, म्हणजे १८० वॅट. ही १६० वॅटची जादा उष्णता जाणार कुठे? रक्तच ती वाहून नेतं, आणि मेंदूतून मिनिटाला साधारण पाऊण लिटर रक्त फिरतं. तेवढंच फिरत राहिलं असं धरलं तर मेंदू नेहमीपेक्षा ३ ते साडेतीन डिग्री सेल्सिअसने तापलेला राहील, म्हणजे १०५ फॅरेनहाइटच्या आसपासचा ताप. रॅव्हेजर टायटन्सवर धावून जातोय आणि त्याला खरी गरज कशाची, तर कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्यांची. बसवून ठेवा त्याला कुणीतरी.

बरं, कसलेल्या माणसाचा मेंदू जास्त चालतो असंही नाही. १९९२ साली रिचर्ड हायर या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना टेट्रिस खेळायला लावलं आणि मेंदूतली साखर किती जळते ते मोजलं. काही आठवड्यांच्या प्रॅक्टिसनंतर स्कोअर चढला आणि साखरेचा खर्च उतरला. आई भाजी चिरताना सुरीकडे न बघता आपल्याशी गप्पा मारते ना, तसंच. म्हणजे स्लेडसारखा मुरलेला सुपारीबाज मारामारीत कॉलेजच्या पोरांपेक्षा मेंदू कमीच खर्च करत असणार.

मग तो एवढा फास्ट कसा? माणूस डोळ्याने बघून हात हलवेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात, त्यात फार काही वाचवता येत नाही. वाचवता येतं ते अंदाजाने. ताशी १४० किलोमीटरचा बॉल अर्ध्या सेकंदाच्या आत बॅट्समनपर्यंत येतो, आणि २००० सालच्या एका अभ्यासात बॅट्समनच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या तेव्हा दिसलं की नजर बॉलचा पाठलाग करत बसत नाही, ती टप्पा पडणाऱ्या जागी आधीच जाऊन थांबते. स्लेडनेही १९८४ मध्ये हेच केलं. टेरा नावाची मुलगी टायटन्समध्ये घुसवली, कोण कधी कुठे जातं, कोण काय करतं सगळं काढून घेतलं, आणि एकेकाला त्यांच्याच सवयीच्या जागी गाठलं. टायटन्सचा म्होरक्या डिक ग्रेसन तेवढा निसटला. हा विजय टक्क्यांचा नव्हता, गृहपाठाचा होता.

राहता राहिला त्याचा उजवा डोळा, जो बायकोने झाडलेल्या गोळीने गेलाय. एका डोळ्याचा माणूस अचूक नेम धरेल का? एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, दोरा भोकाच्या पुढून नाहीतर मागून जातो, कारण हाताच्या अंतरावरची खोली कळायला दोन डोळ्यांच्या चित्रांमधला फरक लागतो. लांबच्या वस्तूसाठी तो फरक नगण्यच, तिथे आकार, सावली, आपण हललो की कोण किती सरकतं, यावर मेंदू काम भागवतो. टायगर पतौडींचाही उजवाच डोळा गेला होता, १९६१ मध्ये इंग्लंडात कार अपघातात. त्यानंतर ते २१ व्या वर्षी कॅप्टन झाले आणि १९६४ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३ काढले. त्यामुळे स्लेडची बंदूक मला पटते. तलवार तेवढी पटत नाही, ती सुईदोऱ्याच्या अंतरावर चालते.

शिवाय दोन डोळ्यांनी आडवं सुमारे २०० अंश दिसतं, एका डोळ्याने १६० च्या आसपास, आणि जो तुकडा गेला तो सगळा उजवीकडचा. एवढं असून याचा मास्क बघा, डावा अर्धा नारिंगी आणि उजवा अर्धा काळा ठिक्कर, डोळ्याला भोकसुद्धा नाही. टायटन्सना समोरून पाटीच लावून सांगितलंय की या बाजूने या.