वेलांटी कोण ठरवतं? वर्णनात्मक पेपरची तयारी आणि डिजिटल साधने

फोनवर रोमन अक्षरांच्या मराठी कीबोर्डने ‘परिस्थिती’ लिहून पाहा. तिन्ही वेलांट्यांसाठी बोट एकच ‘आय’ दाबते. पहिल्या दोन ठिकाणी पहिली वेलांटी आणि शेवटी दुसरी, हे कीबोर्ड ठरवतो. वर्षभर नोट्स अशाच काढल्या, की वेलांटी निवडायची सवय हाताला लागतच नाही. उत्तरपत्रिकेत मात्र ती ओळीओळीला निवडावी लागते, आणि घाईत ‘परीस्थीती’ उमटते.

एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. (२०२३ मध्येच होणार होती, पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर पुढे गेली.) पर्यायाला गोल करण्याची सवय झालेल्या हजारो मुलांना आता पेनाने पाने भरायची आहेत, आणि त्याची तयारी बरेच जण टॅबवर करतात. टॅब, कीबोर्ड, प्रश्नोत्तरांच्या कार्डांचे अ‍ॅप ही साधने कामाची आहेतच. फक्त कुठले काम त्यांना द्यायचे आणि कुठले हातालाच करू द्यायचे, हे आधी ठरवायला हवे.

ज्या नमुन्यावर राज्यसेवेची नवी रचना बेतली आहे, त्या यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरचा हिशेब घ्या. वीस प्रश्न, १८० मिनिटे. दहा प्रश्नांना प्रत्येकी १५० शब्द, दहांना २५०. सगळे मिळून ४,००० शब्द, म्हणजे मिनिटाला साधारण २२. प्रत्येक प्रश्नाला एक मिनिट विचारासाठी ठेवले तर लिहायला १६० मिनिटे उरतात आणि वेग २५ वर जातो. टायपिंगला हा वेग काहीच नाही, हाताने तीन तास टिकवणे फार अवघड. शेवटचे दोन-तीन प्रश्न राहून जातात ते बहुधा इथे. विषय येत असतो, हात पुरत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याची अडचण आणखी वेगळी आहे. संगणकाचा शब्दमोजक दोन मोकळ्या जागांमधला मजकूर एक शब्द धरतो. ‘ग्रामपंचायतींमधूनसुद्धा’ हा त्याच्या लेखी एकच शब्द. इंग्रजीत त्यासाठी चार-पाच लागतील. त्यामुळे १५० मराठी शब्दांत मजकूर जास्त मावतो, पण मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरे आणि शिरोरेघ यांमुळे शब्दामागे वेळही जास्त जातो. शब्दमोजकापेक्षा ओळी मोजाव्यात. आपल्या अक्षरात एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात ते दहा ओळी मोजून काढा. सात निघाले तर १५० शब्द म्हणजे २१-२२ ओळी.

टॅबवर डिजिटल पेनाने लिहिले की हाताचा सराव झाला, असे वाटते. तो अर्धाच होतो. काच गुळगुळीत असते, टोकाला कागदाइतके घर्षण मिळत नाही, म्हणून हात स्वतःच ब्रेक लावतो आणि अक्षर मोठे होते. खरखरीत फिल्म लावल्याने फरक पडतो (टोक लवकर झिजते, तेवढे सोसावे). त्याहून घातक म्हणजे दोन बोटांनी पान मोठे करून लिहिणे. अक्षराचा खरा आकार त्यात कळतच नाही. आणि ‘अनडू’ची सवय लागली की वाक्य मनात पूर्ण न करताच पेन टेकवले जाते, कागदावर मग खाडाखोड होते.

टॅबचा खरा उपयोग आठवण्याच्या सरावाला. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटले: वाचणारे ४२, आठवून लिहिणारे ५६. रंगीत हायलाइट केलेली पीडीएफ पाचव्यांदा वाचताना ‘येतंय की’ असे का वाटते, ते यातून कळते.

म्हणून अंकीसारख्या अ‍ॅपवर (अँड्रॉइड आणि संगणकावर मोफत, आयफोन-आयपॅडवर विकत) कार्डे करा, पुढे प्रश्न, मागे उत्तर, पण एका कार्डावर एकच गोष्ट. ‘७३व्या घटनादुरुस्तीची माहिती सांगा’ हे कार्ड फसते. निम्मे आठवले तर ‘जमले’ दाबायचे की ‘पुन्हा’, हेच कळत नाही. तेच फोडा: अंमल कधीपासून? २४ एप्रिल १९९३. कोणते परिशिष्ट जोडले? अकरावे. त्यात विषय किती? २९. रोज नवी १५-२० पुरेत. ५० घातली तर दोन आठवड्यांत उजळणीचा डोंगर होतो आणि अ‍ॅप उघडणेच बंद होते.

उत्तर मात्र रेघी ए-फोर कागदावर, परीक्षेला नेणार त्याच पेनाने लिहा. फोन फक्त घड्याळ म्हणून, उलटा ठेवून. लिहून झाल्यावर पानाचा फोटो काढा आणि स्प्रेडशीटमध्ये चार आकडे भरा: विचाराची मिनिटे, लिखाणाची मिनिटे, ओळी, खाडाखोडीच्या जागा. वीस उत्तरांनंतर रकाने बघा. विचाराची मिनिटे फुगली असतील तर आराखड्याचा सराव हवा, पेनाचा नाही. ओळी शेवटच्या तासात घटत असतील तर सुटी उत्तरे थांबवून सलग तीन तासांचे पेपर सुरू करा, आधी पंधरवड्यातून एक, मग आठवड्याला. चुकलेल्या वेलांट्यांचे शब्द वेगळ्या वहीत, हातानेच.