शामोनी हिवाळी ऑलिंपिकमधील नॉर्वेचा सहभाग (१९२४)

फ्रान्समधील माँ ब्लाँ शिखराच्या पायथ्याशी असलेल्या शामोनी या गावी २५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी १९२४ या काळात पहिली हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा झाली. तीत सोळा देश उतरले होते. ४ सुवर्ण, ७ रौप्य आणि ६ कांस्य अशी १७ पदके मिळवून नॉर्वे पहिला आला. फिनलंडलाही ४ सुवर्णपदके मिळाली, पण त्याची एकूण पदके ११ होती. खेळाडू तिथे पोहोचले तेव्हा मात्र स्पर्धेचे नाव ‘आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडासप्ताह’ एवढेच होते. ‘पहिले हिवाळी ऑलिंपिक’ हा मान आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तिला मागाहून दिला.

नाव इतके जपून देण्यामागे नॉर्वे आणि स्वीडन यांचा विरोध होता. स्वीडनमध्ये १९०१ पासून नॉर्डिक क्रीडास्पर्धा भरत आणि नॉर्वेत १८९२ पासून होल्मेनकोलेनची स्की स्पर्धा होत असे. ऑलिंपिकने बर्फावरचे खेळ उचलले, तर या स्पर्धांची रया जाईल अशी दोन्ही देशांना धास्ती होती. नॉर्वेच्या बाबतीत हा प्रश्न मानाचाही होता. १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळे झालेले हे लहानसे राष्ट्र आपली ओळख ज्या गोष्टींतून सांगत होते, त्यांत स्की अग्रभागी होती. नॉर्वेचा ध्रुवप्रवासी नान्सेन याने १८८८ मध्ये ग्रीनलंड स्कीवरून ओलांडले, त्याच देशाच्या आमुंडसेनचा चमू १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचला तोही स्कीच्या बळावर, आणि ‘स्की’ हा शब्दसुद्धा मूळचा नॉर्वेचाच. जे आपल्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्याचे नियम आणि निकाल परक्यांनी ठरवावेत हे तेथील क्रीडासंघटकांना रुचत नव्हते. या विरोधाकडे निव्वळ हेकेखोरपणा म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. अखेर १९२१ मध्ये लोझानच्या ऑलिंपिक परिषदेत मधला मार्ग निघाला. सप्ताह ऑलिंपिक समितीच्या आश्रयाखाली भरवायचा, पण त्याला ऑलिंपिक म्हणायचे नाही, असे ठरले.

विरोध करणाऱ्या नॉर्वेने संघ मात्र कसलेला पाठवला. आइस हॉकी, कर्लिंग आणि बॉबस्ले या खेळांत तो उतरलाच नाही. त्याची सारी मदार स्की आणि वेगवान स्केटिंगवर होती. उतारावरून वळणे घेत सुटण्याच्या आल्पाइन शर्यती तेव्हा कार्यक्रमात नव्हत्या. स्कीच्या वैयक्तिक स्पर्धा चारच होत्या : १८ किलोमीटर, ५० किलोमीटर, स्की-उडी आणि शर्यत व उडी यांच्या गुणांवर ठरणारी नॉर्डिक संयुक्त स्पर्धा. चारही सुवर्णपदके नॉर्वेकडे गेली. त्या वेळी जाहीर झालेल्या निकालांनुसार बारा पदकांपैकी अकरा नॉर्वेची होती. एकटा फिनलंडचा तापानी निकू १८ किलोमीटरमध्ये तिसरा येऊन मध्ये शिरू शकला.

या यशाचा कणा होता तोर्लाइफ हाउग. ५० किलोमीटर ही होल्मेनकोलेनवर त्याच्या हातखंड्याची शर्यत होती आणि तिथे तो एकूण सहा वेळा जिंकला. शामोनीत ३० जानेवारीला त्याने हे अंतर ३ तास ४४ मिनिटे ३२ सेकंदांत कापले. त्याच्यामागून तोराल्फ स्ट्रोमस्टाड, योहान ग्रोटुम्सब्रोटेन आणि यॉन मॉर्डालेन हे तिघेही नॉर्वेचेच खेळाडू आले. पाचव्या आलेल्या स्वीडिश स्पर्धकाला हाउगनंतर वीस मिनिटांहून अधिक वेळ लागला. आकड्यांतला हा फरक त्या काळच्या तफावतीची कल्पना कोणत्याही वर्णनापेक्षा चांगली देतो. पुढे १८ किलोमीटर आणि नॉर्डिक संयुक्त स्पर्धाही हाउगने जिंकल्या. संयुक्त स्पर्धेत पहिल्या चारही जागा पुन्हा नॉर्वेच्याच होत्या. स्की-उडीत याकोब टुलिन थाम्स पहिला आणि नार्वे बोन्ना दुसरा आला. या थाम्सने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले. हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारे फार थोडे, त्यांत त्याची गणना होते.

स्केटिंगमध्ये चित्र वेगळे होते. २६ जानेवारीला झालेली ५०० मीटर शर्यत ही सप्ताहातील पहिली पदकस्पर्धा. ती अमेरिकेच्या चार्ल्स जूट्रॉने ४४.० सेकंदांत जिंकली आणि नॉर्वेचा ओस्कार ओल्सेन अवघ्या ०.२ सेकंदाने मागे राहिला. उरलेल्या शर्यतींवर फिनलंडच्या क्लास थुनबेर्ग आणि युलियस स्कुटनाब यांनी कब्जा केला. नॉर्वेच्या रोआल्ड लार्सेनने मात्र पाचही प्रकारांत पदक मिळवले : १५०० मीटर आणि सर्वंकष (चारही शर्यतींच्या एकत्रित निकालावर ठरणाऱ्या) स्पर्धेत रौप्य, तर ५०० (थुनबेर्गसह बरोबरीत), ५००० आणि १०,००० मीटरमध्ये कांस्य. १५०० मीटरचे कांस्य सिगुर्ड मोएनने घेतले. पाच पदके आणि एकही सुवर्ण नाही, त्यामुळे लार्सेनचे नाव हाउगच्या झगमगाटात मागे पडले. नॉर्वेच्या सतरा पदकांत त्याचा वाटा सर्वांत मोठा होता हे म्हणून नोंदवायला हवे.

पदकतक्त्यात न दिसणारी एक खेळाडूही या संघात होती. फिगर स्केटिंगमध्ये अकरा वर्षांची सोन्या हेनी आठ स्पर्धकांत आठवी आली. पुढे १९२८, १९३२ आणि १९३६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि दहा जागतिक विजेतेपदे तिने मिळवली.

सप्ताह चालू असतानाच, २ फेब्रुवारी १९२४ रोजी, शामोनीत आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची स्थापना झाली. स्कीचे नियम ठरवण्याची जागा आता या महासंघाकडे आली.

स्की-उडीच्या निकालाला पुढे पन्नास वर्षांनी कलाटणी मिळाली. तिसरा क्रमांक हाउगला १८.००० गुणांवर दिला गेला होता. चौथा ठरला अमेरिकेचा आंदेर्स हाउगेन, त्याचे गुण १७.९१६. (नावे जुळती असल्याने वाचकांचा घोटाळा होतो. हाउगेनही जन्माने नॉर्वेचाच, अमेरिकेत स्थायिक झालेला.) सर्वांत लांब, ५० मीटरची उडी हाउगेनचीच होती, पण शैलीचे गुण त्याला कमी पडले. हाउगच्या गुणांच्या हिशोबात चूक झाली असून त्याचे खरे गुण हाउगेनपेक्षा कमी भरतात, हे १९७४ मध्ये उजेडात आणले ते स्ट्रोमस्टाडने. म्हणजे हाउगच्या मागोमाग दोन रौप्यपदके घेतलेल्या त्याच्याच सहकाऱ्याने. स्वतःच्या देशाचे पदक जाणार हे ठाऊक असून त्याने ही गोष्ट पुढे मांडली, याचे मोल मोठे आहे. स्की-इतिहासकार याकोब वोगे यांनी हिशोब पडताळून पाहिला आणि ऑलिंपिक समितीने दुरुस्ती मान्य केली. हाउग १९३४ मध्येच, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, वारला होता. सप्टेंबर १९७४ मध्ये ऑस्लो येथे त्याच्या मुलीने ते कांस्यपदक ८५ वर्षांच्या हाउगेनच्या हाती दिले. नॉर्वेची पदके १८ वरून १७ झाली ती या दुरुस्तीमुळे.